खारीच्या डोक्यावरून

आनंदी खारीकडे बघत नव्हती.

इम्तियाजला हे कळलं तेव्हा सिनेमा नुकता कुठे सुरू झाला होता. रविवार सकाळचा खास खेळ. थिएटरात आप्पासाहेबांचं सगळं गणगोत, त्यांच्या रेडिओच्या दुकानाची जुनी गिऱ्हाइकं, आमंत्रण देऊन बोलावलेले शाळामास्तर आणि बाकी पोरंच पोरं. पडद्यावर धायरीचा मळा होता, विहिरीच्या दगडी पायऱ्या होत्या, ठिपक्यांच्या फ्रॉकातली सहा वर्षांची आनंदी होती आणि तिच्यासमोर पायरीवर बसली होती गुंडी, म्हणजे इम्तियाजने वर्षभर पाठीचं धनुष्य करून काढलेली खार. खरी मुलगी आणि चितारलेली खार एकमेकींशी गप्पा मारत होत्या, आणि असं काही आपल्याकडे पहिल्यांदाच होतंय म्हणून आप्पासाहेब गावभर सांगत सुटले होते. पोरं खिदळत होती. आनंदी खारीला म्हणत होती, तुझी शेपूट मला देशील का गं, आणि म्हणताना तिची नजर खारीच्या डोक्यावरून, वीतभर वरून, भलतीकडेच जात होती. इम्तियाजने आधी मान तिरकी केली. खुर्ची कडेची आहे, म्हणून असं दिसत असेल. मग तो खुर्चीत खाली सरकला, मग ताठ बसला. पुढचं दृश्य आलं, त्यातही तेच. त्याच्या पुढचं आलं, त्यातही तेच. लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड कॅमेऱ्याकडे बघतं आणि नवरी एकटीच दाराकडे, तसं. एवढ्या मोठ्या काळोखात आपल्याशिवाय कुणालाच हे दिसत नाही का, म्हणून त्याने शेजारी पाहिलं. सलीमा, त्याची बायको, टक लावून पडदा बघत होती. ती वळली असती, एक भुवई जरी वर केली असती, तरी त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं असतं. ती वळली नाही.

मध्यंतरात लोकांनी त्याला घेरलं आणि त्याचा हात हातात घेऊन इतका हलवला की खांदा दुखायला लागला. एक मास्तर म्हणाले, खार अगदी जिवंत वाटते हो. इम्तियाजने त्यांना विचारलं, "पण ती मुलगी तिच्याकडे बघतेय असं वाटतं का?" मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने जेवणाच्या पंगतीत मिठाची चौकशी केली होती. "मग कुणाकडे बघणार?" असं म्हणून ते बटाटेवड्याकडे गेले. शेवटी त्याने आप्पासाहेबांना गाठलं. आप्पासाहेब या सिनेमाचे निर्माते, दिग्दर्शक आणि वेळ पडली तर चहा सांगणारे, सगळंच होते. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या खोलीत इम्तियाज खार काढत होता.

"आप्पासाहेब, आनंदी खारीकडे बघत नाहीये."

"मग कुणाकडे बघतेय?"

"तेच तर कळत नाहीये."

"तुम्हाला कळत नाही, तर लोकांना काय डोंबल कळणार?" आप्पासाहेब म्हणाले, आणि कुणा पाहुण्याला नमस्कार करायला वळले.

घरी येताना तो पुढे आणि सलीमा दोन पावलं मागे, अशी त्यांची नेहमीची चाल होती. बुधवारातून गंज पेठेपर्यंत रस्ता तसा लांबचा नाही, पण त्या दिवशी तो संपता संपेना. कसं झालं हे? चूक कुठे होईल हे शोधून काढायची, ती होण्याआधीच तिची वाट अडवायची, हा तर त्याचा स्वभाव. या स्वभावापायी तो माणसांना नकोसा व्हायचा. हॉटेलात गेला तर पाटीवरच्या अक्षरांची उंची सारखी नाही म्हणून त्याचा चहा थंड व्हायचा. आणि इथे तर त्याने सगळं मोजलं होतं. खार कुठे बसणार, तिचे डोळे जमिनीपासून किती वर येणार, ते पायरीच्या कडेला खडूने आखून घेतलं होतं. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी काठीला कापडी चेंडू बांधून पाहिला होता. आनंदी चेंडूकडे बघायची खरी, पण डोळ्यांत काही नाही, पाठ केलेली कविता म्हणणाऱ्या पोराचे असतात तसे डोळे. आप्पासाहेब कपाळाला हात लावून बसले होते. तेवढ्यात सलीमा डबा घेऊन आली. डबा निमित्त, तिला मळा बघायचा होता. तिने काठी बाजूला ठेवली, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर खालच्या पायरीवर फतकल मारली आणि नुसता हात आत घातला. दोन बोटं उभी, ती खारीचे कान, अंगठ्याचं तोंड. आणि ती खारीच्या आवाजात बोलायला लागली. आनंदी अशी हसली की झाडावरची खरी खार पळाली. सगळ्यांना हायसं वाटलं. आप्पासाहेबांनी विचारलं, हात दिसेल त्याचं काय, तेव्हा इम्तियाजच म्हणाला होता, "हाताचं काय एवढं? वर खार काढली की झाकला जाईल."

आणि तसंच झालं होतं. आवाज टिपणाऱ्याने बांगड्या वाजतात म्हणून कुरकुर केली. सलीमा बांगड्या काढायला तयार होईना, म्हणून इम्तियाजने स्वतःचा रुमाल तिच्या मनगटावर बांगड्यांवरून घट्ट बांधला होता. तिच्या बोटांच्या टोकाशी बरोबर खडूची रेघ येत होती. त्याने पट्टी लावून, गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून ते पाहिलं होतं. तीन-चार दिवस सलीमा रोज धायरीला येत राहिली. शेवटच्या दिवशी राखणदार भैरू विहिरीवरून पाणी घेऊन आला आणि आनंदीला सलीमाच्या मांडीवर झोपलेली बघून म्हणाला, "बाई, ही पोर तुमचीच हाय का?" लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. इम्तियाजला ते ऐकू आलं होतं, अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं, पण त्या वेळी तो पायरीची लांबी दुसऱ्यांदा मोजायला लागला होता. आत्ता, भर रस्त्यात, सायकलींच्या घंटा चुकवताना त्याला तो टेप आठवला, आणि पोलादी पट्टी डबीत परत जाताना होणारा सर्रकन आवाज.

"कसा वाटला सिनेमा?" त्याने मान न वळवता विचारलं.

"छान," सलीमा म्हणाली.

आता, पुण्यात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की नुसतं छान म्हणजे विषय संपला. त्याचं डोकं सणकलं. वर्षभर माणूस एका खोलीत स्वतःला कोंडून घेतो, डोळ्यांची बुबुळं घासून काढतो, आणि त्याच्या घरच्या माणसाला एवढी ढळढळीत चूक दिसत नाही. परक्यांचं सोडा. त्याला वाटलं, सलीमाला दिसली असती तर मी तिच्यावर चिडलो असतो का? चिडलो असतो, पण निदान दोघं मिळून चिडलो असतो. घरी आल्यावर त्याने जेवताना चमचा भांड्याला टेकवून उभा केला आणि मान वरखाली करून बघत बसला. सलीमाने पोळी वाढली. "अजी, जेवून घ्या," ती म्हणाली. घरात त्यांचं बोलणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. फक्त मनातलं खरं काही बोलायचं असलं की सलीमा स्वच्छ मराठीत बोलायची, शाळेतल्या बाईंसारखी. त्या दिवशी ती जेवायला वाढण्यापलीकडे काही बोलली नाही.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी तो फळीवर जाऊन बसला होता. आप्पासाहेबांनी कुलूप काढलं, गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती लावली, सगळे रेडिओ एकदा सुरू करून बंद केले, आणि मग जणू आत्ताच दिसला तसं त्याच्याकडे पाहिलं.

"शुक्रवारी सिनेमा लागतोय, इम्तियाजमियाँ. भिंती रंगल्यात. आता खार हलवणार की भिंती पुसणार?"

"सबंध सिनेमा नाही म्हणत मी. पण शेवटचं दृश्य तरी. निरोपाचं. त्यात तिचं तोंड केवढं मोठं दिसतं. तिथे तरी तिने खारीकडे बघायला हवं. लोक रडणार आहेत तिथे."

"रडताना डोळ्यांत पाणी असतं. कुणाला काय दिसणार आहे?"

पण इम्तियाज फळीवरून हलेना, आणि गिऱ्हाइकं यायला लागली. पाहुणा जाईना आणि लाज सोडवेना, अशी आप्पासाहेबांची गत झाली. अखेर ते म्हणाले, शेवटचं दृश्य करा. परवाच्या गाडीने मुंबईला चित्रं गेली तर तिथे छापून गुरुवारी रीळ हातात येईल. नाही गेली तर आहे ते आहे. "आणि उभ्या पुण्यात ही तक्रार पुन्हा कुणाजवळ काढायची नाही," ते म्हणाले. त्यांनी स्वतः वर येऊन कपाट उघडलं आणि शेवटच्या दृश्याचे, मुंबईहून नमुन्यादाखल आलेले पूर्ण चौकटीचे फोटो त्याच्या टेबलावर ठेवले.

पूर्ण फोटो तो पहिल्यांदाच बघत होता. कामाची रीत अशी होती की सिनेमाच्या प्रत्येक चौकटीचा कागदी फोटो काढायचा, त्यावर पारदर्शक पान ठेवायचं, त्या पानावर खार काढायची, मागच्या बाजूने रंग भरायचा, आणि मुंबईत दोन्ही एकावर एक छापून घ्यायचं. आप्पासाहेबांनी कागद वाचवायला फोटोचा फक्त खारीपुरता कोपरा छापून घेतला होता. त्यामुळे वर्षभर इम्तियाजसमोर आनंदीचा चेहरा कधी आलाच नव्हता. ठिपक्यांचा फ्रॉक, गुडघा, फार तर हनुवटी किंवा गाल. आणि हात. रोज सकाळी पहिला फोटो पुढे घेतला की तो हात. कोपरापासून पुढचा, रुमाल बांधलेला, करंगळीच्या खाली तव्याने भाजल्याचा डाग असलेला. खारीचं पोट त्याच्या तळव्यावर, कान बोटांवर, रुमाल झाकायला शेपूट खऱ्या खारीपेक्षा दुप्पट फुगवलेली. एकेक पान रंगवत तो हात नाहीसा करायचा, आणि संध्याकाळी घरी जाऊन त्याच हाताने वाढलेलं जेवायचा. त्या हाताचा सांधा न सांधा त्याला पाठ होता. वर मान करून तो कधी जेवला नव्हता, हे मात्र त्याला आता, त्या फोटोंच्या गठ्ठ्यापुढे बसल्यावर, कारण नसताना सुचलं, आणि त्याने ते झटकून टाकलं.

त्याने पट्टी घेतली. आनंदीच्या बुबुळापासून रेघ काढली. रेघ खारीच्या डोक्यावरून गेली, पायरी ओलांडली, आणि फोटोच्या कडेला जाऊन थांबली. दुसऱ्या फोटोवर काढली, तीही तशीच. तिसऱ्यावर, दहाव्यावर. त्याने फोटो टेबलाला चिकटवला आणि रेघ तशीच पुढे टेबलाच्या लाकडावर ओढत नेली. लाकडावर चहाच्या कपाची गोल खूण होती, रंगाचे थेंब होते, बाकी काही नव्हतं. मग चूक कुणाची? पोरीची नव्हे. कॅमेरा हललेला नव्हता. खडूची रेघ तर फोटोतसुद्धा दिसत होती, हाताच्या टोकाला अगदी बरोबर. सगळं बरोबर होतं आणि सगळं मिळून चूक होतं. त्याला एकदम खूप राग आला, कुणाचा ते कळेना, म्हणून त्याने पट्टी भिंतीवर आपटली.

सलीमा दारात डबा घेऊन उभी होती. वर्षभरात ती या खोलीत कधी आली नव्हती. डबा खाली दुकानात ठेवून जायची, कारण वर रंग ओले असतात, पदराला लागतात, असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. आज दुकानात गर्दी होती. तिने पट्टी उचलून टेबलावर ठेवली आणि फोटोंकडे पाहिलं.

"हे काय करताय?"

"ही पोरगी कुठे बघतेय ते शोधतोय. सापडत नाहीये."

"माझ्याकडे बघतेय," सलीमा म्हणाली.

खाली दुकानात कुणीतरी रेडिओ लावून बघत होतं. बातम्या, मग खरखर, मग नाट्यगीत.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" तिने विचारलं. आता ती स्वच्छ मराठीत बोलत होती. "मूल हाताकडे कशाला बघेल? जो बोलतो त्याच्या तोंडाकडे बघतं. हाताकडे तुम्ही बघत होतात."

"मग थिएटरातच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत, कसा वाटला. मी सांगितलं."

ती स्टुलावर बसली. टेबलावर जिथे त्याची रेघ संपली होती तिथेच तिचा चेहरा आला, किंचित वर, पण जवळजवळ तिथेच. इम्तियाजने ते पाहिलं आणि पटकन डब्याकडे बघितलं. सलीमा शेवटच्या फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "या दिवशी ती खरंच रडली होती. कथेतलं नव्हतं ते. तिने मला विचारलं, उद्या येशील का. मी काय सांगणार? मी नुसता गालावर हात ठेवला." फोटोत तो हात होता. सिनेमात मात्र खार दोन्ही पंजे उचलून आनंदीचा गाल चाचपते, आणि त्या पंजांना लोकांनी रविवारी टाळ्या दिल्या होत्या. सलीमा उठली. "खार थोडी वर घेतली की नजर जुळेल ना?"

"जुळेल. वरच्या पायरीवर बसवली की झालं."

"मग बसवा की. त्यात एवढं भिंतीवर डोकं आपटण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली, आणि डबा जेवून झाल्यावर परत आणा, शनिवारचाही इथेच आहे, असं सांगून जिना उतरली.

त्याने खार वरच्या पायरीवर बसवली. सोपं होतं. हात झाकायला तिची शेपूट पायरीवरून खाली सोडली, आणि पहिलं पान फोटोवर ठेवून पाहिलं. नजर जुळली. आनंदी आता पूर्णपणे खारीकडे बघत होती, इतकी की तिने कधी दुसऱ्या कुणाकडे पाहिलं असेल असं सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. हेच तर त्याला हवं होतं. तो पानाकडे बघत राहिला आणि त्याला ते बघवेना. खारीचे काळे मणी, चकचकीत, त्यानेच काढलेले, आणि त्या मण्यांवर त्या पोरीचे डोळे खिळलेले. हा चोरून नेलेला माल आहे, असं त्याच्या मनात आलं. इतकी वर्षं आपण टेप काढून काही ना काही मोजत बसलो. कुणी मुलाचं विचारलं की मोजायला काहीतरी सापडायचंच. आणि आता मोजमाप बरोबर आलंय. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याने तीच खार निम्म्या पानांवर काढली, आणि दुपारी ती सगळी पानं नळाखाली धरून धुऊन टाकली. रंग मोरीतून तपकिरी होऊन गेला. मग त्याने खालच्या पायरीवरची जुनी खार परत घेतली, आणि दृश्याच्या शेवटाला नवी पानं काढायला बसला. गाडीच्या आधी पुडकं बांधून झालं. त्यात काय आहे ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आप्पासाहेबांना नाही आणि सलीमालाही नाही. गुरुवारी रीळ आलं ते थेट थिएटरवर गेलं. आप्पासाहेब तोरण बांधून घेण्यात गुंतले होते, त्यांनी ते पाहिलं नाही.

शुक्रवारी पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. आप्पासाहेब सहकुटुंब पुढच्या रांगेत. पुन्हा सबंध सिनेमाभर आनंदी खारीच्या डोक्यावरून बघत राहिली, आणि प्रत्येक वेळी त्याला तसंच टोचलं. कळल्यामुळे टोचणं कमी झालं नाही. चूक ती चूकच. मग शेवटचं दृश्य आलं. आनंदीचं तोंड पडदाभर मोठं झालं, डोळे भरले, खार पायरीवर उठली, आणि तिने पंजे गालाला लावले. मग खार वळली आणि पायरीवरून उडी मारून चौकटीबाहेर गेली.

हात राहिला. बाईचा खराखुरा हात, मनगटाला पुरुषी रुमाल बांधलेला, करंगळीखाली डाग, तो आनंदीच्या गालावर होता आणि अंगठा हळूहळू पाणी पुसत होता. आनंदी त्या हाताच्या वर, चौकटीबाहेर बघत होती. सबंध सिनेमात तेवढ्या एका ठिकाणी तिची नजर बरोबर होती. पोरं गप्प झाली. एक बारका आवाज आला, "आई, ही कोण?" मागच्या रांगेतले एक टोपीवाले गृहस्थ आपल्या कुटुंबाला म्हणाले, "हात पुसायचा राहिला वाटतं. एवढा खर्च करतात, पण शेवटी गलथानपणा तो गलथानपणाच."

"कुणाला कळलं नसेल हो," बाई म्हणाल्या.

"का? मला कळलं ना?"

रविवारपासून इम्तियाज ज्या माणसाला शोधत होता, तो मागेच बसला होता. पुढच्या रांगेत आप्पासाहेबांनी मान वळवली होती आणि ते डोक्यांमधून त्याला शोधत होते. संध्याकाळच्या खेळाआधी ते ऑपरेटरकडून तेवढा तुकडा कापून घेणार, यात काही शंका नव्हती. त्यांचं दुकान, त्यांची वरची खोली, त्यांचा सिनेमा. पुढचं चित्र ते आपल्याला देणार नाहीत, हेही इम्तियाजला दिसत होतं. त्याने आप्पासाहेबांकडे पाहिलं नाही. त्याने शेजारी पाहिलं, आणि या वेळी हाताकडे नाही. सलीमा पडद्याकडे बघत होती. पडद्यावरून आनंदी तिच्याकडे बघत होती. काळोखात सलीमाच्या बांगड्या एकदा वाजल्या, आणि मग वाजू नयेत म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवलं.